दहा-नऊ-आठ : एका मोफत क्रमांकाची वाटचाल

मुंबईत संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक जून १९९६मध्ये सुरू झाला, तो देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून. कुटुंब व बालकल्याण विभागाचा तो एक क्षेत्रीय प्रकल्प होता. मागे मंत्रालय नव्हते, कायदा नव्हता, कुठल्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. अशा प्रकल्पांची त्या संस्थेत जुनी परंपरा आहे. १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने हे समाजकार्याचे विद्यालय नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमध्ये भरू लागले आणि पुढच्याच वर्षी त्याने मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडले. देशातले ते पहिले. वर्गात शिकवायचे ते वस्तीत करून बघायचे आणि रुजले की दुसऱ्याच्या हाती सोपवायचे, ही तिथली रीत. १०९८मागची सेवा, चाइल्डलाइन, याच रीतीतून जन्मली.

जेरू बिलिमोरिया तेव्हा तिथे शिकवत होत्या. रेल्वे स्थानकांवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांशी त्यांचा जवळून परिचय होता आणि त्यांनी आपल्या घरचा फोन नंबर मुलांना देऊन ठेवला होता. फोन यायचे ते रात्री-अपरात्री. कुणी तापाने फणफणलेला, कुणाला मार बसलेला, कुणाला पोलिसांनी उचललेले. मुलाला जे हवे असायचे, ते बहुतेक वेळा शहरात कुठे ना कुठे होतेच. महापालिकेचे रुग्णालय होते, निवारे होते, मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था होत्या. पण त्या कुठे आहेत, कुणाला विचारायचे आणि रात्री अकरा वाजता तिथे दार कोण उघडणार, हे त्या मुलाला ठाऊक नसायचे. मदत आणि मूल यांच्यामध्ये रात्रंदिवस जागे असणारे माणूस हवे होते, ही या कामाची पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी जाणीव.

मुंबईत मुलांसाठीची व्यवस्था तेव्हाही नवी नव्हती. मुंबई प्रांताचा बालक कायदा १९२४चा, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ची. डोंगरीचे निरीक्षणगृह आणि मानखुर्दची बालगृहे कित्येक पिढ्यांनी पाहिली आहेत. मात्र या व्यवस्थेत शिरायची वाट बहुधा पोलिसांच्या गाडीतून जायची. मुलाने आपणहून येऊन 'मला मदत हवी' म्हणावे, असे दार तिला नव्हते. १९९२च्या डिसेंबरात भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली आणि मुलाचे म्हणणे ऐकणे हे सरकारचे कर्तव्य म्हणून कागदावर आले. ते म्हणणे कुठे ऐकायचे, याची सोय अजून व्हायची होती.

क्रमांक चार आकडी हवा होता, आणि कॉल मोफत हवा होता. त्या काळी मुंबईत पानाच्या टपरीवर, किराणा दुकानात, स्थानकाच्या भिंतीवर महानगर टेलिफोन निगमचे नाणे टाकायचे फोन असत. ज्याच्याकडे रुपया नाही, त्याच्यासाठी हे फोन असून नसल्यासारखे होते. बिननाण्याचा कॉल लागू लागला आणि शहरभर पसरलेले ते डबे मुलांच्या उपयोगाचे झाले. आकडे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही पाठ व्हावेत म्हणून ते 'दस-नौ-आठ' असे उलट्या मोजणीने शिकवले गेले, आणि मुलांनी मुलांना शिकवले. एक अडचण मात्र होतीच. मोफत कॉलमधून बूथवाल्याला काही सुटत नसे आणि मळक्या कपड्यांतला पोरगा फोनला हात लावतो आहे, हे पाहून तो हाकलूनही देई. म्हणून कार्यकर्त्यांच्या सुरुवातीच्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे बूथवाले, टपरीवाले, हमाल आणि स्टेशनवरचे पोलीस यांच्याशी बोलत राहणे. हे बोलणे कुठल्याही खर्चपत्रकात दिसत नाही. त्याशिवाय तो क्रमांक लागला असता, पण चालला नसता.

ब्रिटनमध्ये एस्थर रँट्झन यांनी ऑक्टोबर १९८६मध्ये चाइल्डलाइन सुरू केली होती. तिथे मूल फोनवर बोलते आणि पलीकडचा स्वयंसेवक ऐकतो, धीर देतो. मुंबईत नुसते ऐकून भागणारे नव्हते. फलाटावर पाय मोडून पडलेल्या मुलाला समुपदेशनाआधी टॅक्सी लागते. म्हणून इथल्या सेवेची घडण वेगळी झाली: फोन घ्यायचा, आणि तासाभरात कुणीतरी मुलापर्यंत पोहोचायचे. साठ मिनिटांचा हा नियम पुढे देशभर लागू झाला. जाणाऱ्यांत समाजकार्याचे विद्यार्थी होते, तशीच रस्त्यावर वाढलेली तरुण मुलेही होती. कुठल्या पुलाखाली कोण झोपते, हे त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते.

या निर्णयानेच खर्चाचे स्वरूप ठरले. ऐकण्यापुरती सेवा देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर बरीच वर्षे चालू शकते. जाण्याची सेवा तशी चालत नाही. तीन पाळ्यांत माणसे लागतात, सुट्टीच्या दिवशी लागतात, दिवाळीच्या रात्री तर जास्तच लागतात.

सरकारी निधी आला तो १९९८-९९च्या सुमारास. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाची रस्त्यावरच्या मुलांसाठीची एकात्मिक योजना होती आणि मनेका गांधी तेव्हा त्या मंत्रालयात राज्यमंत्री होत्या. मुंबईतला प्रयोग इतर शहरांत न्यायचा, असे ठरले. शिक्षणसंस्थेच्या एका विभागाने देशभरचा हिशेब सांभाळणे शक्य नव्हते, म्हणून १९९९मध्ये चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. मंत्रालयाने पैसा फाउंडेशनला द्यायचा आणि फाउंडेशनने तो शहराशहरांतल्या भागीदार संस्थांना पोहोचवायचा, असा मार्ग पडला. सरकारी कागदांत फाउंडेशनला 'मदर एनजीओ' म्हटले गेले. प्रत्येक शहरात फोन घेऊन धावणारी एक संस्था, तिच्या जोडीला इतर संस्था, आणि प्रशिक्षण व समन्वयासाठी बहुधा एखादे समाजकार्य महाविद्यालय, अशी रचना झाली. पुण्यात हे काम ज्ञानदेवी संस्थेने केले. प्रत्येक गावची संस्था वेगळी, तिची ओळख वेगळी. क्रमांक आणि नियम मात्र एकच.

या रचनेचे मोल मला फार वाटते. सरकारला देशभर नवी कार्यालये उघडावी लागली नाहीत. ज्या संस्थेचे जिल्ह्यात आधीपासून नाव होते, जिच्या कार्यकर्तीला ठाण्याचा हवालदार ओळखत होता आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या नर्स ताईने केसपेपरसाठी थांबवले नसते, त्या संस्थेला फोन आणि मानधन मिळाले. बाकीचे भांडवल संस्थेचेच होते, आणि ते कित्येक वर्षांत साठलेले होते.

पैशाच्या पाठोपाठ कायद्यात नाव आले. बाल न्याय अधिनियम, २००० याच्या कलम ३२मध्ये, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला बालकल्याण समितीसमोर कोण हजर करू शकेल या यादीत, पोलीस आणि लोकसेवक यांच्याबरोबर चाइल्डलाइनचा उल्लेख झाला. एका स्वयंसेवी सेवेचे नाव केंद्रीय कायद्यात येणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. त्याआधी कार्यकर्ता ठाण्यात गेला की 'तुम्ही कोण?' इथपासून सुरुवात व्हायची. आता त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राला अर्थ आला. २०१५च्या अधिनियमात तर 'चाइल्डलाइन सेवा' याची व्याख्याच आहे: संकटातल्या मुलांना तातडीच्या किंवा दीर्घ मुदतीच्या काळजीशी व पुनर्वसनाशी जोडून देणारी चोवीस तासांची सेवा.

२००६मध्ये हा विषय महिला व बालविकास मंत्रालयाकडे गेला आणि २००९मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालसंरक्षण योजनेत चाइल्डलाइनचा समावेश झाला. इथून पुढची वाढ झपाट्याची आहे. महानगरांपुरता असलेला क्रमांक जिल्ह्याच्या गावी पोहोचला, मग तालुक्याच्या गावी. रेल्वे मंत्रालयाबरोबर करार होऊन मोठ्या स्थानकांच्या फलाटांवर मदतकक्ष उभे राहिले. फाउंडेशनच्या अखेरच्या वर्षांत ही सेवा साडेपाचशेहून अधिक जिल्ह्यांत आणि शंभरावर रेल्वे स्थानकांत होती. दरवर्षी बालदिनापासून 'चाइल्डलाइन से दोस्ती' हा आठवडा साजरा व्हायचा, आणि मुले पोलीस अधीक्षकांच्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या मनगटावर सुरक्षेचा धागा बांधायची. वर्तमानपत्रात फोटो यायचा. त्या फोटोचा उपयोग पुढे वर्षभर व्हायचा, कारण धागा बांधून घेतलेल्या साहेबांना मध्यरात्री फोन करायला कार्यकर्त्याची भीड चेपलेली असायची.

आता एका फोनबरोबर काय काय चालायचे, ते जरा जवळून पाहू. स्थानकावरचा पाणी विकणारा माणूस १०९८ लावतो आणि सांगतो की आठ-नऊ वर्षांची मुलगी तासाभरापासून बाकावर एकटी बसली आहे, रडते आहे, भाषा कळत नाही. फोन घेणारी कार्यकर्ती फलाट क्रमांक, जवळची खूण, मुलीच्या कपड्यांचा रंग लिहून घेते आणि त्या माणसाला विनंती करते, 'दादा, आमची माणसं येईपर्यंत तिच्याजवळच थांबा.' दोघे टीम मेंबर निघतात. मुलगी असेल तर त्यात एक बाई हवीच. रिक्षाचे भाडे खिशातून. पोहोचल्यावर आधी पाणी आणि बिस्किटे, प्रश्न नंतर. मग रेल्वे पोलिसांकडे स्टेशन डायरीत नोंद, सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, रात्रीपुरता निवारा. चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीसमोर उभे करायचे. समिती बालगृहात ठेवण्याचा आदेश देते. त्यानंतर भाषा ओळखणे, त्या राज्यातल्या चाइल्डलाइनला तिने सांगितलेल्या गावाचे, मंदिराचे, मामाच्या दुकानाचे वर्णन कळवणे, आईवडील सापडले तर त्यांची खातरजमा, आणि मुलगी घरी गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारपूस. सांगणाऱ्याचा फोन दोन मिनिटांचा होता. त्यामागे कित्येक दिवसांचे काम उभे राहिले, आणि त्यातला प्रत्येक टप्पा पैसे मागतो.

अनुदानात या टप्प्यांसाठी शीर्षे होती: मानधन, फोन, प्रवास, मुलांवरचा खर्च. रक्कम बेताची. खरी ओढाताण व्हायची ती हप्त्याची. अनुदानावर चालणारी कुठलीही संस्था हे चक्र जाणते. मार्चअखेर हिशेब, सनदी लेखापालाची तपासणी, उपयोगिता प्रमाणपत्र (यूसी), मग मंजुरी, मग हप्ता. संस्थांच्या कार्यालयांत 'यूसी गेली का?' हा प्रश्न जेवणाआधी विचारला जातो. हप्ता लांबला तरी फोन वाजायचा थांबत नाही आणि वाजला की जावेच लागते. मधले महिने संस्थेने आपल्या दुसऱ्या निधीतून काढायचे, विश्वस्तांनी पदरचे घालायचे, नाहीतर कार्यकर्त्यांनी मानधनाशिवाय काम करायचे. बहुतेक ठिकाणी या तिन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात झाल्या. देशातली बालसंरक्षणाची ही सेवा सरकारी पैशावर चालली हे खरे. तिच्यातले खड्डे मात्र तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या तरुण मुलामुलींनी भरले, हेही या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे.

मूक कॉल हा हिशेबाचा आणखी एक अवघड भाग. १०९८वर येणाऱ्या कॉलपैकी फार मोठा वाटा असा, की पलीकडून कुणी बोलतच नाही. श्वास ऐकू येतो, मागे टीव्ही ऐकू येतो, मग फोन बंद. हिशेब तपासणाऱ्याला हे वाया गेलेले कॉल वाटू शकतात, कारण त्यांतून केस नोंदली जात नाही. अनुभवी कार्यकर्त्या मात्र फोन ठेवत नसत. 'मी इथेच आहे, तुला बोलायचं तेव्हा बोल,' असे सांगून थांबत. तेच मूल तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलायला लागते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. कुणाचा आवाज कसा आहे, हा क्रमांक खरा आहे का, पलीकडची बाई ओरडते का, हे मूल पारखून घेते. सार्वजनिक निधी देणाऱ्याने या पारखण्याच्या वेळेचेही पैसे द्यायला हवेत, असे मला ठामपणे वाटते. केसमागे इतके रुपये, असा भागाकार या कामात बसत नाही.

मोबाइल आल्यावर वेगळीच गुंतागुंत झाली. नाण्याच्या डब्यावरून लागलेला फोन कुठल्या शहरातला, हे नेमके कळायचे. आता कॉल खासगी कंपन्यांच्या जाळ्यातून यायचा आणि ज्या त्या कंपनीने तो मोफत जोडून द्यावा, योग्य ठिकाणी पोहोचवावा, यासाठी पाठपुरावा लागायचा. शहरागणिक फोन घेण्याऐवजी मोठ्या शहरांतल्या मध्यवर्ती संपर्क केंद्रांत फोन घेऊन तिथून स्थानिक संस्थेला कळवायची पद्धत सुरू झाली. नोंदी नीट झाल्या, कॉल सुटेनासे झाले. पण 'स्टेशनमागच्या मारुतीपाशी' एवढ्या खुणेवर निघणारी माणसे आणि फोन घेणारी माणसे आता वेगळी झाली. मुंबईत बसून फोन घेणाऱ्या मुलीला अंबाजोगाईचा पत्ता समजून घ्यावा लागे. ती तो समजून घ्यायची, यात तिच्या प्रशिक्षणाचे यश आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या क्रमांकाने सर्वांत मोलाचे काम केले ते बालविवाहांच्या बाबतीत. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणून उचल मिळते आणि वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांपुढचा खरा प्रश्न असतो. त्यातून पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्ने उरकली जातात. राज्याच्या नियमांनुसार गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी. पण तो त्याच गावात रोज वावरतो. त्याला तक्रार देणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते. १०९८ला नाव गुप्त राहते. नवरीची वर्गमैत्रीण, एखादी शिक्षिका, क्वचित मुलगी स्वतः फोन करते. हळद लागलेली असते, मांडव पडलेला असतो. चाइल्डलाइनची माणसे पोलीस आणि ग्रामसेवक यांना बरोबर घेऊन पोहोचत, शाळेचा दाखला मागवत, पालकांचे लेखी हमीपत्र घेत, मुलीला समितीसमोर नेत. कोरोनाच्या काळात शाळा बंद, लग्ने घरातल्या घरात आणि थोडक्या खर्चात. तेव्हा मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून असे फोन सतत येत राहिले.

टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांतला आकडा देशभर गाजला. २० ते ३१ मार्च २०२० या काळात १०९८वर ३ लाख ७ हजार कॉल आले, आणि त्यांतले ९२,१०५ कॉल अत्याचार व हिंसेपासून संरक्षण मागणारे होते. दारे बंद झाली तेव्हा घरात काय चालले होते, ते या आकड्याने बाहेर आले. फोन घेणाऱ्या आणि जाणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांकडे त्या वेळी पुरेसे मास्कही नव्हते.

जुलै २०२२मध्ये केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' या बालसंरक्षण योजनेच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि व्यवस्था मुळापासून बदलली. १०९८ हा क्रमांक राज्य सरकारांनी आणि जिल्हा प्रशासनाने चालवायचा, तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडायचा, राज्याच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायचा आणि जिल्हा बालसंरक्षण कक्षाच्या हाताखालच्या मदतवाहिनीने धावायचे, असे ठरले. तांत्रिक बाजू सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेकडे आली. २०२३मध्ये राज्याराज्यांत टप्प्याटप्प्याने हस्तांतर झाले, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी सुरू झालेले, पुढे फाउंडेशन व तिच्या भागीदार संस्थांनी चालवलेले काम थांबले. निधीचा मार्गही बदलला: केंद्राकडून फाउंडेशनमार्फत थेट संस्थेला येणारा पैसा आता महाराष्ट्रात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के अशा वाटणीने राज्याच्या तिजोरीतून येतो.

या बदलामागचा विचार मला अजिबात चुकीचा वाटत नाही. संकटातल्या मुलाला मदत मिळणे हा त्याचा हक्क असेल, तर ती देणे सरकारचेच काम. टाटा ट्रस्ट्सने हैदराबादेत ज्येष्ठांसाठी सुरू केलेला मदतवाहिनीचा प्रयोगही पुढे १४५६७ या राष्ट्रीय क्रमांकात असाच सामावला गेला. प्रयोग संस्थेने करावा आणि रुजला की सरकारने हाती घ्यावा, ही नागपाड्यापासूनची रीतच आहे. खंत आहे ती हस्तांतर कसे झाले याची. मदतवाहिनी घेतली, पण तिच्या भोवतीची माणसे घेण्याची तरतूद पुरेशी केली नाही. वर्षानुवर्षे फलाटावर काम केलेल्यांना नव्या कंत्राटी पदांसाठी नव्याने अर्ज करावे लागले, आणि पदवीच्या अटीत जे बसले नाहीत, ते बाहेर राहिले. त्यांत रस्त्यावर वाढून या कामात आलेलेही होते. मुलाच्या मनातली भीतीही जमेस धरायला हवी होती. पोलिसांच्या क्रमांकाशी जोडलेला फोन घरातून पळालेला, चोरीच्या संशयात मार खाल्लेला मुलगा लावील का, हा प्रश्न बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी हस्तांतराच्या वेळी जाहीरपणे विचारला होता.

जेरू बिलिमोरिया यांनी २००३मध्ये चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल उभी केली आणि मुंबईचा अनुभव इतर देशांत गेला. इथे, आपल्या जिल्ह्यांत, आता बालसंरक्षण कक्षातली मदतवाहिनी काम करते. तिच्यात समन्वयक आहे, समुपदेशक आहे, पर्यवेक्षक आणि केस वर्कर आहेत, तिन्ही पाळ्यांची यादी भिंतीवर आहे. बालकल्याण समिती तीच, सिव्हिल हॉस्पिटल तेच. भागीदार संस्थांकडे लोक अजूनही जुन्या ओळखीने फोन करतात, आणि त्या संस्था, अनुदान नसताना, मुलाजवळ कुणी आहे ना याची आधी खात्री करून मग १०९८ लावून देतात. राज्याचा चाळीस टक्के वाटा एप्रिलमध्ये आला तर केस वर्करला प्रवासखर्च त्याच महिन्यात मिळतो; सप्टेंबरमध्ये आला तर तोपर्यंत रिक्षाचे भाडे तिच्या खिशातून जाते.